स्टीलच्या भांड्यात पदार्थ का लागतो? निवड, तापवणं, घासणं आणि ठेवण, क्रमाने

नॉनस्टिक कढईचा थर उडायला लागला म्हणून घरात जाड स्टीलची ट्रायप्लाय, म्हणजे तीन थरांची, कढई येते. पहिल्या दिवशी पोहे बुडाला लागतात, दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या काचऱ्यांचा गोळा होतो, आणि महिन्याभरात ती महागाची कढई माळ्यावर जाते. ही गोष्ट मी इतक्या घरांत ऐकली आहे की आता पुढचं वाक्यही पाठ आहे: "स्टीलमध्ये काही होत नाही बाई, सगळं लागतं."

लागतं, हे खरं. पण बहुतेक वेळा भांड्याचा दोष नसतो. नॉनस्टिकवर चालून गेलेल्या सवयी, म्हणजे गार भांड्यात तेल, ओली भाजी आणि लगेच ढवळाढवळ, स्टीलला चालत नाहीत. उरलेलं नुकसान मीठ, तारेची घासणी आणि ओलावा मिळून करतात. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. भांडी आधीच घेतलेली असतील, तर थेट टप्पा ३ पासून सुरू करा.

टप्पा १: दुकानात जाण्याआधी घरात बघा

धनत्रयोदशीला किंवा पाडव्याला गर्दीत उभं राहून ठरवलेलं भांडं क्वचितच उपयोगाचं निघतं. आधी ओट्याशी उभं राहून तीन गोष्टी कागदावर लिहा.

एक, तुम्ही रोज नेमकं काय करता. चार माणसांच्या घरात फोडणीच्या भाज्यांसाठी २४ सेंटिमीटरच्या आसपासची एक कढई, दूध-आमटीसाठी दोन-अडीच लिटरचं एक जाड बुडाचं पातेलं, एक मोठा टोप आणि फोडणीचं कढलं, एवढ्यावर स्वयंपाक निघतो. बारा नगांचा सेट घेऊ नका. त्यातली चार वापरात येतात, बाकीची पुढच्या लग्नात आहेर म्हणून जातात.

दोन, शेगडी कोणती. इंडक्शन असेल तर बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटलं पाहिजे, नाहीतर भांडं तापणारच नाही. गॅस असेल तर बर्नरचा घेर मोजा. लहान बुडाच्या भांड्याखाली मोठा बर्नर लावला की ज्वाळा बाजूंनी वर चढते, कडा करपतात आणि कान हाताला चटके देतात.

तीन, दुधाचं भांडं नेहमी दुप्पट मापाचं. एक लिटर दुधाला दोन लिटरचं पातेलं.

धिरडी, घावन, डोसे आणि थालीपीठ या यादीत धरू नका. त्यांच्यासाठी बिडाचा किंवा लोखंडी तवाच ठेवा. स्टीलवर घावन काढण्याचा हट्ट मी स्वतः दोन रविवार केला. दोन्ही रविवारी नाश्त्याला उपमा झाला.

टप्पा २: दुकानात काय तपासायचं

*आकडा विचारा.* "फूड ग्रेड आहे" या शब्दांवर समाधान मानू नका, त्यातून काहीच कळत नाही. पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. पुढचे प्रकार त्यात आणखी काय घातलं यावरून ठरतात. स्वयंपाकासाठी ३०४ हा आकडा लक्षात ठेवा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून काही भांड्यांवर १८/८ असंही लिहिलेलं दिसतं. ३१६ मध्ये त्यात भर म्हणून मॉलिब्डेनम हा धातू असतो. ३१६ मिठापुढे जास्त टिकतं, पण किमतीलाही जास्त. २०१, २०२ आणि जे४ नावाने मिळणारा माल २०० मालिकेतला. त्यात महाग निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं असतं. ताट-वाटी, पाण्याचा पेला, कोरड्या धान्याचा डबा यांना तो चालतो. चिंच-कोकम आणि मीठ यांची रोज गाठ पडणार असेल तर नको.

*लोहचुंबकाची परीक्षा अर्धीच खरी.* खिशात चुंबक घेऊन दुकानात जाणारे आता बरेच दिसतात. चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४, असा त्यांचा हिशेब असतो. तो चुकीचा आहे, कारण २०० मालिकेचं स्टीलही चुंबकाला सहसा दाद देत नाही. चुंबक फक्त निकेल नसलेलं ४३० वेगळं काढून दाखवतो. उलट ३०४ चं खोल पातेलं ठोकून-ओढून बनवताना कडेपाशी किंचित चुंबकीय होऊ शकतं, त्यामुळे कडेला चुंबक जरासा ओढला म्हणून दुकानदाराशी भांडू नका. आणि ट्रायप्लायचं बाहेरचं बूड इंडक्शनसाठी मुद्दाम चुंबकीय ठेवलेलं असतं. तिथे चुंबक चिकटायलाच हवा. ग्रेड आतल्या थराची विचारायची.

*छाप शोधा.* २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश काढला. मानकाचा क्रमांक आयएस १४७५६. चिन्हासोबत सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की उत्पादकाचं नाव येतं. हे दुकानात उभ्या उभ्या होतं.

*बूड समजून घ्या.* इथे जास्त वेळ द्या. स्टील उष्णता फार हळू पसरवतं, अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत जवळजवळ चौदा-पंधरा पट हळू. त्यामुळे पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्वाळेच्या वर्तुळाएवढाच भाग पेटल्यासारखा तापतो आणि तिथेच पिठलं, खीर, दूध बुडाला लागतं. यावर बाजारात तीन उपाय मिळतात.

ट्रायप्लाय म्हणजे आत स्टील, मध्ये अ‍ॅल्युमिनियम, बाहेर स्टील, आणि हे तीन थर काठापर्यंत गेलेले. कढईला हेच घ्या, कारण कढईत पदार्थ बाजूंनाही टेकतो. काठ कापलेला असेल तर तिथे मधली करडी रेघ दिसते.

सँडविच बूड म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची चकती फक्त तळाला. आमटी, रस्सा, भात, दूध अशा पातळ पदार्थांना हे पुरेसं आहे आणि स्वस्तही. त्यात परतायला गेलात तर चकती संपते त्या कडेला काळी गोल रेघ उमटते.

तांब्याचं बूड दिसायला देखणं. पण बहुतेक भांड्यांत तो तांब्याचा मुलामा इतका पातळ असतो की उष्णता पसरवायला त्याचा फारसा उपयोग नाही. घासायला मात्र एक काम वाढतं.

एकाच थराचं भांडं घ्यायचं असेल तर गेज विचारा आणि हे विसरू नका: गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. २२ गेज म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. चुलीवर ठेवायच्या भांड्याला १८ किंवा त्याहून लहान आकडा घ्या. बोहारणीने चार साड्यांवर दिलेलं पातेलं कोणत्या गेजचं असतं हे सांगायची गरज नाही. ते पाणी तापवायला ठेवा.

*हाताने तपासा.* भांडं काचेच्या काउंटरवर ठेवून बोटाने ढकला. भोवऱ्यासारखं फिरलं तर बूड फुगलेलं आहे, घेऊ नका. झाकण ठेवून फिरवा, खडखडलं तर वाफ धरणार नाही. वळवलेल्या काठाखालून नख फिरवा. तिथे फट असेल तर धुतलेलं पाणी आत साचेल आणि पुढे लालसर गळेल. कान धरून भांडं भरल्यासारखं कलवून बघा. कान आतून रिव्हेट मारून बसवले असतील तर मजबूत असतात, पण रिव्हेटच्या डोक्याशी मळ साचतो. नुसते वेल्डिंगचे डाग मारून जोडलेले कान आतून साफ राहतात, पण भारी टोपाला ते नकोत.

> इशारा: नाव घालायची घाई करू नका. आपल्याकडे पावती फाडतानाच दुकानदार विचारतो, "नाव काय घालू?" एकदा नाव आणि तारीख कोरली की ते भांडं कोणी परत घेत नाही. एक जाड पातेलं मी असंच आजीच्या नावाने घालून घेतलं. घरी येऊन पाणी उकळलं तर चकतीच्या कडेने बुडबुडे सुटले, जोड कच्चा होता. दुकानदाराने नावाकडे बोट दाखवलं. आधी घरी नेऊन पाणी उकळून बघा, नाव पुढच्या आठवड्यात घाला.

टप्पा ३: पहिल्या वापराआधीची धुणी

नवं भांडं चकाकतं म्हणून स्वच्छ असतं असं नाही. पॉलिश करताना वापरलेला मसाला त्यावर राहिलेला असतो, आणि नुसत्या साबणाने तो निघत नाही.

१. लेबल सुरीने खरवडू नका. वर खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेवा, बोटाने निघेल. लेबल तसंच ठेवून भांडं तापवलं तर डिंक जळून कायमचा डाग पडतो.

२. जुन्या सुती फडक्यावर थोडं खाद्यतेल घेऊन आतून-बाहेरून पुसा. फडकं काळं होईल. नव्या कोपऱ्याने पुन्हा पुसा. काळं येणं थांबेपर्यंत हे करायचं.

३. गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने दोनदा धुवा.

४. भांड्यात पाणी घेऊन त्यात दोन लिंबांचा रस किंवा अर्धी वाटी व्हिनेगर घाला, दहा मिनिटं उकळा, ओतून द्या, धुवा, पुसा.

तपासणी: पांढऱ्या टिश्यूने आतून जोरात पुसा. टिश्यू पांढराच राहिला तर भांडं तयार आहे. करडा झाला तर पुन्हा क्रमांक २.

निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. आंबट पदार्थ बराच वेळ शिजवला तर स्टीलमधलं थोडं निकेल त्यात उतरतं, नव्या भांड्यातून जास्त, पुढे कमी होत जातं. अशा घरात टोमॅटोचं सार किंवा चिंचेची आमटी नव्या कोऱ्या ३०४ च्या पातेल्यात तासभर उकळू नये.

टप्पा ४: तापवणं आणि परतणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्याही स्वयंपाक सुरू होण्याआधीच्या पाच मिनिटांत. काचऱ्यांचं उदाहरण घेऊ, कारण काचऱ्या जमल्या की बाकीचं आपोआप जमतं.

*तयारी.* बटाटे चिरून दोन पाण्यांनी धुवा म्हणजे वरचा चिकट स्टार्च जाईल. मग कोरड्या पंचावर पसरून टिपून घ्या. ओला बटाटा कढईत पडला की आधी कढई गार होते, मग पाणी उकळतं आणि स्टार्चची खळ होऊन बुडाला बसते. मोहरी, हिंग, हळद, तिखट हाताशी ठेवा. तापलेल्या स्टीलच्या कढईसमोर उभं राहून हिंगाची डबी शोधायला वेळ मिळत नाही.

*रिकामी कढई तापवा.* हे फक्त ट्रायप्लायसाठी. मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं. मग ओल्या बोटांनी पाण्याचे दोन-चार थेंब आत शिंपडा:

थेंब तिथेच बसून चर्र करून आटले, तर कढई अजून गार आहे.

थेंबाचे मोती होऊन ते बुडावर घरंगळत फिरले, तर कढई साधारण २०० अंश सेल्सिअसच्या घरात आहे. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते म्हणून ते मोत्यासारखे पळतात.

*आच कमी करा, मग तेल.* हा मधला टप्पा जवळजवळ सगळे विसरतात. मोती पळाले की पाणी पुसून घ्या, आच मंद करा, पंधरा-वीस सेकंद थांबा आणि मग तेल सोडा. त्याच आचेवर तेल ओतलं तर ते लगेच धुरकटतं, मोहरी तडतडायच्या ऐवजी जळते आणि हिंग-हळद कडू होते. घाण्याचं तेल असेल तर आणखी जपा, ते रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतं. तेल कढईभर फिरवा. त्यावर बारीक लाटा दिसल्या की एक मोहरी टाकून बघा. ती तडतडली की फोडणी पुरी करा आणि लगेच बटाटे घाला.

*आता हात बांधून उभे राहा.* बटाटे एका थरात पसरा आणि दोन-तीन मिनिटं उलथणं लावू नका. सुरुवातीला बटाटा स्टीलला चिकटणारच. त्याची खालची बाजू कोरडी होऊन खरपूस झाली की तो स्वतःहून सुटतो. चिकटलेला असताना ओढला तर कवच बुडाला राहतं आणि तुमच्या हाती लगदा येतो.

तपासणी: उलथण्याचं टोक एका काचरीखाली घाला. सहज सरकलं तर परता. अडलं तर अजून एक मिनिट थांबा. जोर लावू नका.

*मीठ शेवटी.* मीठ लवकर घातलं की बटाट्याला पाणी सुटतं आणि आतापर्यंतची मेहनत वाफेत जाते.

एकाच थराच्या पातळ भांड्याला रिकामं तापवायची ही पद्धत लावू नका. बूड वाकतं. तिथे तेल घालूनच मंद आचेवर तापवा.

इंडक्शनवाल्यांनी रिकाम्या कढईखाली सर्वांत मोठा आकडा कधीही लावू नये. मधल्या आकड्यावर सुरुवात करा. इंडक्शनवर बूड इतकं झपाट्याने तापतं की दोन मिनिटांचं काम चाळीस-पन्नास सेकंदांत होतं.

बाकीच्या पदार्थांबद्दल थोडक्यात. साबुदाण्याला दाण्याचं कूट आधीच नीट चोळून घ्या आणि तुपात हात आखडू नका. भिजताना पाणी जास्त झालेला साबुदाणा कोणत्याच कढईत मोकळा होत नाही, त्यात स्टीलला दोष देऊ नका. वाफेवरच्या भाज्यांना झाकणीत पाणी ठेवायची आजीची रीत स्टीलला फार मानवते. गार झाकणाला वाफ लागून थेंब परत भाजीत पडतात आणि बुडाला कोरड पडत नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण बुडाला धरायला लागलं की घाबरून तेल वाढवू नका. चमचाभर गरम पाणी टाका आणि उलथण्याने खरवडा. जे तपकिरी सुटून येतं त्यातच रश्श्याची चव असते.

दूध तापवताना पातेलं आधी गार पाण्याने विसळा आणि न पुसता त्यात दूध ओता. आच मध्यमच्या वर नेऊ नका, मधेमधे बुडापासून पळी फिरवा. तरीही लागलं तर बूड खरवडू नका, वरचं दूध हलकेच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. करपलेला वास खालून ढवळल्यावरच सगळ्या दुधात पसरतो.

टप्पा ५: मीठ कधी आणि किती वेळ

स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर असतो. ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा धरतो. म्हणूनच स्टील गंजत नाही. मिठातलं क्लोराइड हा थर जागोजागी भेदतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. घासून ते जात नाहीत, कारण तिथे धातूच उरलेला नसतो.

पाणी गार असताना मीठ टाकू नका. ते विरघळायच्या आधी तळाशी बसतं आणि तिथेच खातं. उकळी आली की घाला आणि एकदा ढवळा.

लोणचं, मीठ लावलेल्या कैऱ्या, खारातल्या मिरच्या, आगळ यांना स्टीलच्या डब्यात मुक्काम देऊ नका. या चुकीची किंमत मी मोजली आहे. गावाहून आलेलं कोकमाचं आगळ एका पावसाळ्यात स्टीलच्या डब्यात राहिलं. गणपतीत फळी पुसताना डब्याखाली लाल ओघळ दिसला. डबा धुऊन उजेडात धरला तर बुडाला तीन-चार ठिकाणी चांदण्या. तेव्हापासून आगळ काचेच्या बाटलीत आणि लोणचं चिनी मातीच्या बरणीत असतं.

आमटी, सांबार, रस्सा शिजवायला स्टील उत्तम. जेवण झालं की उरलेलं काचेच्या डब्यात काढा, रात्रभर पातेल्यात ठेवू नका.

टप्पा ६: रोजची घासणी

१. गॅस बंद केल्यावर भांडं कोमट होऊ द्या. धगधगती कढई नळाखाली धरली की चर्र आवाज येतो, आणि त्याच आवाजात बूड वाकतं किंवा चकतीचा जोड सैल होतो. वाकलेलं बूड घरच्या घरी सरळ होत नाही.

२. कोमट असतानाच थोडं गरम पाणी घालून लाकडी उलथण्याने खरवडून घ्या. निम्मं काम इथेच होतं.

३. काथ्या, नारळाची शेंडी किंवा मऊ स्क्रबर, आणि भांड्याचा साबण. आतल्या बाजूला बारीक रेघांची झाक असेल तर त्या रेघांच्या दिशेने घासा.

४. स्वच्छ पाण्याने खळबळून लगेच कोरड्या फडक्याने पुसा. बोअरच्या पाण्याच्या भागात हे न चुकता करा. भांडं आपोआप वाळलं की पाण्यातले क्षार पांढरे ठिपके होऊन मागे राहतात.

> इशारा: लोखंडी तारेची घासणी नको. तिचे बारीक कण स्टीलमध्ये रुततात, गंजतात, आणि आपल्याला वाटतं भांडंच गंजलं. ब्लीच किंवा फरशी-बेसिनच्या क्लोरीनच्या द्रावणात भांडी भिजवू नका, त्यात तेच क्लोराइडचं दुखणं आहे.

भांडी मावशी घासत असतील तर घासणी तुम्हीच आणून ठेवा. तार समोर दिसली की तीच हातात जाणार. करपलेली कढई तशीच बेसिनमध्ये ठेवून "जरा नीट घासा" म्हणणं म्हणजे त्यांना तार वापरा असंच सांगणं आहे. कढई आपण आधी भिजवून ठेवायची. आणि भिजवायची तीही साध्या पाण्यात, खारट रस्सा तळाशी असताना रात्रभर नव्हे.

डिशवॉशर असेल तर ट्रायप्लायचा काठ बघा. मधलं अ‍ॅल्युमिनियम काठाला उघडं असेल तर डिशवॉशरची पावडर ते हळूहळू खाते, आणि वरखालचे स्टीलचे थर पात्यासारखे धारदार होतात. असं भांडं हातानेच धुवा.

टप्पा ७: डाग आधी ओळखा, मग उपाय करा

सगळ्या डागांना एकच उपाय करणं ही इथली चूक. डाग तीन जातींचे असतात. काहींना आंबट लागतं, काहींना सोडा, आणि काहींना काहीच लागत नाही.

*पांढरे ठिपके किंवा साय:* पाण्यातले क्षार. उपाय आंबट. व्हिनेगर, लिंबू किंवा चिंचेचा कोळ चोळून पाच मिनिटं ठेवा, धुवा.

*निळसर-सोनेरी इंद्रधनुष्य:* भांडं जास्त तापल्याने वरचा ऑक्साइडचा थर जाड झाला आहे. अपाय काही नाही. नको असेल तर व्हिनेगरने पुसा, त्याच क्षणी जातं. वारंवार येत असेल तर आच कमी करायची आठवण समजा.

*काळं करपलेलं:* उपाय सोडा. करपलेला भाग बुडेल इतकं पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून पंधरा मिनिटं उकळा, तासभर तसंच ठेवा, मग लाकडी उलथण्याने काढा. जास्त करपलं असेल तर हेच दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. दोन वेळा उकळलेलं एकदा तारेने घासण्यापेक्षा बरं.

*बाहेरून पिवळे-तपकिरी चिकट डाग:* तेल तापून-तापून व्हार्निशसारखं घट्ट झालेलं. सोड्यात थोडं पाणी घालून घट्ट लेप करा, अर्धा तास ठेवा, काथ्याने गोल न घासता एकाच दिशेने घासा. एका दिवसात जाणार नाही. चार-पाच वेळा करावं लागेल. मी तरी आता बाहेरच्या बाजूचा नाद सोडला आहे, आतून स्वच्छ असली की पुरे.

*लालसर ठिपके:* बहुतेक वेळा ओल्या स्टीलवर ठेवलेल्या लोखंडी तव्याचा किंवा विळीचा गंज. सोड्याच्या लेपाने घासा. गेले तर बाहेरून आलेले होते. तिथेच परत आले तर खड्डा पडला आहे.

*तांब्याचं बूड काळवंडलं:* चिंचेचा कोळ किंवा पितांबरी. चिंचेत मीठ घालत असाल तर ते स्टीलच्या भागावर राहू देऊ नका, लगेच धुऊन टाका.

> इशारा: सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायची पद्धत मोबाइलवरच्या व्हिडिओंत फार दिसते. फेस मजेदार असतो, पण दोघं एकमेकांची ताकद मारतात आणि मागे जवळजवळ पाणीच उरतं. एक वापरा, धुवा, गरज वाटली तर दुसरं.

टप्पा ८: ठेवण, आणि मोडीत कधी घालायचं

पुसूनही भांडं किंचित दमट असतं. ओट्यावर पालथं घालून पंधरा मिनिटांनी फळीवर ठेवा. एकात एक घालताना मध्ये जुन्या सुती कापडाचा तुकडा ठेवा. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत दमटपणाने भांडी एकमेकांत इतकी घट्ट बसतात की ती सोडवायला आतल्यात गार पाणी घालून बाहेरचं कोमट पाण्यात धरावं लागतं. लोखंडी तवा, विळी, खलबत्ता यांची फळी वेगळी.

भांडं पुढचं काही झालं की चुलीवरून उतरवा: बूड हलतं किंवा दाबल्यावर टणत्कार होतो, चकतीच्या कडेने पाणी झिरपतं, आतल्या खड्ड्यांत बोटाचं नख अडतं, कान हलतो. यातला हललेला कान रिव्हेटचा असेल तर भांडीवाला दुसरा रिव्हेट ठोकून देतो. बाकीच्यांना दुरुस्ती नाही.

खड्डे पडलेला डबा साखर-तांदळासारख्या कोरड्या जिनसांना चालतो, पोचा पडलेलं पातेलं कुंडीखाली चालतं. मोडीत घालायचंच असेल तर वजन घरी करून जा, आणि दर विचारताना ३०४ आहे हे सांगा. निकेल असलेल्या स्टीलला साध्या स्टीलपेक्षा जास्त भाव मिळतो. छाप दिसत नसेल तर जुनी पावती दाखवा, म्हणून पावती जपून ठेवा. माझ्या पावत्या त्याच आगळाच्या डब्यात आहेत.